कॉलिनच्या जागी

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या कॅनडातल्या केंब्रिजच्या घरामागचं मेपल तीन-चार दिवसांत रिकामं होतं. यंदा तर दोनच दिवस लागले. सकाळी मी पानं रेक करत होते आणि आई खिडकीच्या आतून, शाल गुंडाळून, राहिलेल्या पानांकडे बोट दाखवत होती. आई अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, पण राहिलेलं पान तिला अचूक दिसतं.

तेवढ्यात बेसमेंटच्या खिडकीतून गाणं ऐकू आलं. बेसमेंटमध्ये आमच्याकडे स्नेहल राहते. मूळची तासगावची, किचनरच्या कॉलेजात शिकते आणि शनिवार-रविवारी ग्रोसरीच्या दुकानात काम करते. तिच्या मिडटर्म चालू होत्या आणि अभ्यासाला बसली की ती काहीतरी लावून ठेवते. ड्रम एकाच चालीत, थंडपणे वाजत होता. वरून कीबोर्डचे दोन सूर आले, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा ते दोन सूर.

मी रेक झाडाला टेकवून उभी राहिले. गाणं संपेपर्यंत हलले नाही.

नंतर स्नेहल चहाला वर आली तेव्हा मी तिला विचारलं, कुणाचं गाणं होतं ते. मॉन्ट्रियलची नवी पोरं आहेत म्हणाली, जुन्या धाटणीचं वाजवतात, पानं गळायला लागून फॉल आला की मी हेच ऐकते. मग जरा संकोचून म्हणाली, "आवाज मोठा होता का मावशी?" मी म्हटलं, आवाजाचं काही नाही. तसं वाजवायला मला एका माणसाने शिकवलं होतं, असाच ऑक्टोबर होता. तिला ते खरं वाटेना. बासष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, रविवारी मिस्सेला ऑर्गन वाजवणारी बाई बँडमध्ये होती यावर माझ्या स्वतःच्या मुलांचाही विश्वास बसत नाही. ती दोघं म्हणतात, "मॉम, नो वे." स्नेहलने मात्र खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवशी थोडं सांगितलं. उरलेलं पुढच्या आठ-दहा दिवसांत, ती चहाला आली की. बोलता बोलता मलाच कळत गेलं की तो एक फॉल माझ्या आत किती शाबूत राहिला आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक अर्धं झालं होतं. वसईहून टोरोंटोला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली होती. पप्पा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, आई एका शाळेच्या किचनमध्ये, आणि मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. माझ्या शेजारच्या टेबलावर मॉयरा नावाची मुलगी बसायची. ऑफिसात ती राखाडी स्कर्ट घालून यायची आणि संध्याकाळी वॉशरूममध्ये जाऊन काळं लेदर जॅकेट चढवून निघायची. ती गिटार वाजवते एवढंच मला माहीत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी तिने मला विचारलं, तू चर्चमध्ये ऑर्गन वाजवतेस ना? आणि त्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला ती चक्क येऊन शेवटच्या बाकावर बसली. आमच्या पॅरिशमधल्या बायका मिस्साभर वळून वळून तिच्या केसांकडे बघत होत्या. तिचे केस एका बाजूला साफ भादरलेले होते. मिस्सा संपल्यावर ती पायऱ्यांवर थांबली आणि मला खरं काय ते सांगितलं. त्यांचा तिघांचा बँड होता. तिची गिटार, पीट नावाच्या मुलाचे ड्रम्स, आणि गाणारा व कीबोर्ड वाजवणारा कॉलिन. कॉलिनला तो आजार झाला होता. तेव्हा आजाराचं नाव कोणी घेत नसे, 'तो आजार' म्हटलं की समोरच्याला कळायचं. कॉलिनची बोटं बधिर व्हायला लागली होती. आपण वाजवतो ते सगळं कुणाला तरी शिकवून ठेवावं, असं त्याच्याच डोक्यात आलं होतं.

"तो मरायच्या आधी त्याची जागा घ्यायला कोणी तयार होत नाही," मॉयरा म्हणाली. "ज्यांना वाजवता येतं ते त्याच्या खोलीत यायला घाबरतात."

मीही घाबरले होते, हे मी स्नेहलला सांगितलं. हो म्हणायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय काय ऐकलं होतं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये सीटवर टिश्यूचे थर अंथरले जात होते. रेडिओवर लोक फोन करून म्हणायचे, त्या लोकांना एखाद्या बेटावर नेऊन ठेवा. बसमध्ये कोणी बारीक पोरगा खोकला तर शेजारची सीट रिकामी व्हायची. आमच्या चर्चमध्ये द्राक्षारसाच्या पेल्यापाशी पूर्वी रांग लागायची. त्या महिन्यात माणसं पेल्याला वळसा घालून परत बाकावर जाऊ लागली, आणि पेला धरून उभे असलेले वयस्क गृहस्थ हात खाली करायचे की नाही, ते न कळून तसेच उभे राहायचे.

कॉलिन एका पोर्तुगीज बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहत होता. जिन्यात पावाचा वास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारापुढच्या पायरीवर त्याचं आठवडाभराचं टपाल पडलं होतं. घरमालकीण पूर्वी हातात आणून द्यायची, आता ती खालूनच फेकते, असं तो हसत हसत म्हणाला. एकतीस वर्षांचा उंच माणूस, खांद्यावर स्वेटर हँगरवर टांगल्यासारखा. माझ्याशी हात मिळवायला तो पुढे आला नाही. मीच हात पुढे करायला हवा होता. मी केला नाही. माझे हातमोजे मी अजून काढले नव्हते आणि ते त्याने पाहिलं.

पण हातमोजे घालून कीबोर्ड वाजवता येत नाही. म्हणून ते काढावे लागले.

या बँडच्या आधी कॉलिनचा एक पंक बँड होता. त्यात आपण नुसतं ओरडायचो, असं तो सांगायचा. नंतर ओरडून झालं, राग मात्र उरला, आणि उरलेल्या रागाचं काय करायचं यातून हा बँड निघाला. त्याचं नाव होतं 'वेट मिटन्स', म्हणजे ओले हातमोजे. पहिल्या हिवाळ्यात तालमीच्या खोलीतल्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या हातमोज्यांचा जो कुबट वास यायचा, त्यावरून ते पडलं. त्यांची गाणी हळू चालीची होती. गाण्यात मोकळी जागा खूप असायची आणि त्या जागेतून थंड वारा आल्यासारखं वाटायचं.

मला ती जागा सोसत नसे. माझी बोटं मिस्सेवर वाढलेली. सूर तुटला की भाविकांचं गाणं पडतं, म्हणून मोकळी जागा दिसली की भरून टाकायची, हेच मला वसईच्या मास्तरांनी शिकवलेलं. कॉलिन प्रत्येक वेळी थांबवायचा. दोन सूर वाजव आणि हात मांडीवर ठेव. मी हात मांडीवर ठेवायचे आणि ते आपोआप वर यायचे. तो म्हणायचा, ऐकणाऱ्याला जरा एकटं सोड, तो काही मरत नाही. मग आपलंच वाक्य ऐकून त्याला हसू यायचं, हसता हसता खोकला यायचा, आणि मी पाणी आणायला जायचे.

मंगळवार आणि गुरुवार, ऑफिस सुटल्यावर दीड तास. त्याच्या खिडकीतून समोरच्या रस्त्यावरची पिवळी झाडं दिसायची. दर खेपेला ती थोडी कमी पिवळी आणि जास्त काळी झालेली असायची. तो आडवा पडून शिकवायचा, डोळे मिटून. चुकलं की भुवई उचलायची, एवढंच. मी घरी सांगितलं होतं की मॉयराकडे इंग्लिश संगीत शिकायला जाते.

खोटं बोलणं फार दिवस टिकलं नाही. पॅरिशच्या किचनमध्ये काम करणाऱ्या एका बाईंचा भाऊ त्या बेकरीत कामाला होता. एका रविवारी आई मिस्सेहून आली ती कोट न काढताच टेबलाशी बसली आणि मला म्हणाली, "तू कोणाकडे जातेस ते मला कळलंय." मी सगळं सांगितलं. आई ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर माझं ताट, पेला आणि टॉवेल बाजूला काढून ठेवलेले. ताटाखाली तिने वर्तमानपत्राची घडी घातली होती.

इथे स्नेहलने चहाचा कप खाली ठेवला. आई तिच्या आरामखुर्चीत डुलक्या घेत होती. स्नेहलने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "आजींनी? स्वतःच्या मुलीचं ताट?" मी म्हटलं, हो. आणि मला आईची बाजू घ्यावीशी वाटली. इतक्या वर्षांनी प्रथमच वाटली असेल.

मी तीन दिवस त्या ताटात जेवले. चौथ्या दिवशी पप्पा सेकंड शिफ्ट नसल्याने घरी होते. ते जेवायला बसले, त्यांनी माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं आणि त्यातला भात खायला सुरुवात केली. आईने हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि खात राहिले. मग मला म्हणाले, तुला माहीत नाही, मला विसाव्या वर्षी क्षय झाला होता. गावाबाहेरच्या दवाखान्यात वर्ष काढलं, इंजेक्शनं घेतली, बरा होऊन परत आलो तरी माझी आई माझं ताट दाराच्या फटीतून सरकवायची. दोन वर्षं सरकवत होती. आणि ही, असं म्हणून त्यांनी आईकडे मान वळवली, ही तेव्हा आमच्या शेजारच्या वाडीत राहायची. हिच्या माहेरी सगळ्यांनी नको म्हटलं तरी हिने माझ्याशी लग्न केलं.

आई उभी होती. तिच्या हातात डाव होता. ती पप्पांना म्हणाली, "तेव्हा मला मूल नव्हतं. आता माझी मुलगी आहे."

हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवलं आहे. ऐन पोरपणाच्या धिटाईने जी कुणाला घाबरली नाही, ती आईपणाने घाबरली. त्या काळात रस्त्यावर, बसमध्ये, चर्चमध्ये जी माणसं बाजूला सरकत होती, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पोटात हेच असावं. काहींच्या पोटात नुसता द्वेष होता, ते मी नाकारत नाही. मी तेही ऐकलंय. पण आमच्या घरात जे होतं ते भय होतं, आणि भयाशी बोलता येतं.

आठवडाभर आई बोलली नाही. माझं ताट तिने मांडणीत इतरांच्या ताटांबरोबर ठेवून दिलं, पण बोलली नाही. मग एका गुरुवारी मी निघाले तशी तिने विचारलं, त्याला खाता येतं का? मी सांगितलं की गिळताना त्रास होतो, तोंड आलंय. आईने हातातलं काम खाली ठेवलं. पंधरा मिनिटांत तांदळाची पेज झाली, मीठ घालून, वर चमचाभर तूप. स्टीलच्या डब्यात भरून, डबा टॉवेलात गुंडाळून तिने माझ्या हातात दिला. डबा परत आणायचा, असंही बजावलं. कॉलिनने ती पेज पूर्ण प्यायली. त्याने मला विचारलं, हे काय आहे? मला इंग्लिश शब्द सापडेना. मी म्हटलं, भाताचं सूप. तो म्हणाला, ज्याने हे शोधून काढलं त्याला नोबेल द्या.

त्यानंतर दर मंगळवारी आणि गुरुवारी डबा गेला.

ऑक्टोबर संपता संपता बँडपुढे वेगळीच अडचण आली. नोव्हेंबरमध्ये एका बारमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला होता. बारच्या मॅनेजरने मॉयराला बोलावून घेतलं. तो म्हणाला, गायकाबद्दल सगळीकडे बोललं जातंय, गिऱ्हाइकं विचारतात की त्याने वापरलेले ग्लास वेगळे धुता का. नाव बदला, त्याला आणू नका, मग वाजवा. मॉयरा आणि पीट तडक कॉलिनकडे आले. मी तिथेच होते. मॉयरा रडत होती आणि म्हणत होती की आपण नाव बदलणार नाही, बँड मोडला तरी चालेल. पीट जमिनीकडे बघत बसला होता. मला वाटलं, मी या खोलीत का आहे? याच्या जागी मी बसणार म्हणूनच बारवाल्यांना हे मागता येतंय.

कॉलिन उठून बसला. त्याने सांगितलं की नाव जरूर बदलू, ते नाव तसंही एका वासाचं होतं. नवं नाव 'द सेम पीपल' ठेवा.

म्हणजे तीच माणसं. पीट आधी हसला. मग आम्ही सगळेच इतके हसलो की खालच्या बेकरीवाल्याने छताला काठी मारली. मॅनेजरला मात्र विनोद कळला. त्याने कार्यक्रम रद्द केला. आणखी दोन बारनी नकार दिला. तेव्हा मी, जी कधी कुणाकडे काही मागायला जायची नाही, ती आमच्या पॅरिशच्या फादरांकडे गेले.

फादर म्हातारे आयरिश होते, हिवाळ्यात कायम नाक लाल. मी काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न केला, गाणी अश्लील आहेत का? मी म्हटलं, फादर, शब्द कळतच नाहीत. ते म्हणाले, आम्ही लॅटिनमध्ये शेकडो वर्षं काढली, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. खालचा हॉल शनिवारी संध्याकाळी चार ते सात, खुर्च्या परत रचून ठेवायच्या. पॅरिशच्या कमिटीतल्या लोकांनी नंतर त्यांना बरंच सुनावलं असं ऐकलं. फादर मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. बाहेर पहिला ओला बर्फ पडत होता. हॉलमध्ये लेदर जॅकेटवाली पन्नासेक पोरं, आणि भिंतीलगत आमच्या समाजाची काही कुटुंबं, मी, म्हणजे त्यांची सबिना, काय वाजवते ते बघायला आलेली. पहिल्या रांगेत कॉलिन, गळ्यात दोन मफलर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागे माणसं उभी होती तरी रिकाम्या होत्या. मी स्टेजवरून ते बघत होते.

आई आली ती साडीवर लांब विंटर कोट घालून, बर्फाचे बूट खळखळ वाजवत. ती मधल्या वाटेने सरळ पुढे गेली आणि कॉलिनशेजारी बसली. पिशवीतून तिने डबा काढला. दोघांची एकमेकांना पाहण्याची ती पहिलीच वेळ. तिने त्याला काय सांगितलं ते मी पुढे विचारलं. तिने म्हणे एवढंच सांगितलं होतं, "हॉट. स्लोली."

मॉयराने माइक हातात घेतला. ती म्हणाली की गेल्या महिन्यापर्यंत आमचं नाव वेगळं होतं. ते का बदलावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. ही सगळी गाणी समोर बसलेल्या कॉलिनची आहेत, आणि त्याला एड्स आहे. तो शब्द आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. काही जण उठून गेले. आमच्या समाजातलं एक कुटुंब गेलं, जॅकेटवाल्यांतलेही चौघे-पाचजण गेले. दाराचा आवाज होत राहिला. बाकीचे थांबले. मागे उभे असलेल्यांपैकी दोन मुली पुढे आल्या आणि कॉलिनच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

आम्ही वाजवायला लागलो. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात मी घाबरले आणि मोकळी जागा भरायला निघाले. बोटं कीबोर्डवर टेकणार तोच समोर पाहिलं, तर कॉलिनची भुवई वर गेली होती. मी हात मांडीवर ठेवले. हॉलमध्ये काहीच आवाज नव्हता, फक्त पीटचा ड्रम. मी आयुष्यात कधी एवढा वेळ थांबले नव्हते. आणि मला ऐकू आलं की लोक ऐकताहेत.

शेवटच्या गाण्याला कॉलिन वर आला. आवाज अर्धा राहिला होता, सूर मात्र जागेवर होता. तो मॉयराच्याच माइकमध्ये गायला, आणि त्याचं कडवं संपल्यावर मॉयराने तोच माइक ओठाशी घेऊन पुढचं म्हटलं. आज हे सांगताना काहीच वाटत नाही. त्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येकाने ते पाहिलं.

हिवाळ्यात त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. जेवणाचा ट्रे खोलीबाहेर जमिनीवर ठेवून कर्मचारी निघून जायचे. सगळे तसे नव्हते, पण काही होते. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिने रबरी हातमोजे घातले होते, शाळेच्या किचनमधलेच. जमिनीवरचा ट्रे तिने उचलला आणि आत नेला. तिसऱ्या भेटीपासून हातमोजे घरीच राहिले. तिला इंग्लिश येत नव्हतं आणि त्याला बोलवत नव्हतं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं. मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, कॉलिन गेला. सस्कॅचवानहून त्याची मोठी बहीण आली होती. वर्तमानपत्रात द्यायच्या निधनवार्तेत लोक तेव्हा 'दीर्घ आजाराने' असं लिहायचे. तिने आजाराचं नाव लिहिलं, आणि त्याखाली बँडची दोन्ही नावं लिहिली.

'द सेम पीपल' पुढे सहा वर्षं चाललं. आम्ही कुठे फार मोठे झालो नाही. दोन रेकॉर्ड निघाल्या, हिवाळ्यात व्हॅन ढकलत लहान लहान गावांतून वाजवलं. हळूहळू असं झालं की बारवाले स्वतः फोन करू लागले आणि पोस्टरवर जुनं नावही छापू लागले. मग मॉयरा व्हँकुव्हरला सिनेमांचं साउंड करायला गेली, पीटने शाळेत नोकरी धरली, मी लग्न करून नवऱ्याच्या कारखान्यामुळे केंब्रिजला आले. माझ्यानंतर त्या कीबोर्डवर कोणी बसलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. बेसमेंटमधलं ते मॉन्ट्रियलच्या पोरांचं गाणं ऐकेपर्यंत.

हे सगळं सांगून झालं तो गेला शुक्रवार होता. झाडावर एक पान उरलं नव्हतं आणि आत हीटर पहिल्यांदा सुरू केला होता. त्याचा दरवर्षी येतो तो करपलेल्या धुळीचा वास घरभर होता. स्नेहल बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिने वर न पाहताच सांगितलं.

"मावशी, मला जन्मापासून आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिने पुढे सगळं एका दमात सांगून टाकलं, जणू पाठ करून आली होती. वडील मी दोन वर्षांची असताना गेले, आई मी चार वर्षांची असताना. आत्याने वाढवलं. सहाव्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत, आता दिवसाला एकच. रिपोर्टमध्ये विषाणू दिसतसुद्धा नाही, माझ्यापासून कोणाला काही होत नाही. किचनरच्या क्लिनिकमध्ये ठरलेल्या दिवशी बसने जाते. इथे कोणालाच सांगितलेलं नाही, तिकडेही आत्याशिवाय कोणाला माहीत नाही. परमनंट रेसिडेन्सीसाठी अप्लाय करणार आहे, वकिलाने सांगितलंय की हल्ली त्यात अडत नाही. आणि मग म्हणाली की तुम्हाला अडचण वाटत असेल तर महिनाअखेर मी दुसरी खोली बघते.

ती चोवीस वर्षांची आहे. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात मोजणी चालली होती. कॉलिनला ती गोळी मिळाली असती तर तो आज सत्तरीचा असता. त्याने माझ्या वाजवण्यावर अजून भुवया उचलल्या असत्या. असं वाटून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. समोर ही पोरगी बसली होती, गालावर मुरुमाचा डाग, बाहीला हायलायटरची पिवळी रेघ, आणि ती चोवीस वर्षांची झाली होती. मी उठून तिला जवळ घेतलं. ती आधी ताठ होती, मग खांद्यावर डोकं टाकून रडली.

आवाजाने आई जागी झाली. काय झालं, का रडतेय ती, असं तिने विचारलं. मी स्नेहलकडे पाहिलं. तिने मानेनेच होकार दिला. मी आईच्या कानाशी वाकून, मोठ्याने, कॉलिनला होतं तेच हिला लहानपणापासून आहे, असं सांगितलं. इतक्या वर्षांनी मला पुन्हा त्या डायनिंग टेबलाशी बसल्यासारखं झालं. आईच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी बघत राहिले.

आईने स्नेहलला हाताने जवळ बोलावलं. तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ निरखला. डॉक्टर बघतात तसा.

"गोळी वेळेवर घेतेस?"

"हो आजी. रोज."

"चुकवत नाहीस ना?"

"नाही."

"मग परीक्षा कधी संपते?"

स्नेहलने डोळे पुसले. म्हणाली, सोमवारी शेवटचा पेपर आहे, अकाउंटिंगचा, आणि दोन चॅप्टर व्हायचे आहेत.

आईने तिची हनुवटी सोडली आणि शाल नीट ओढून घेतली. "मग इथे बसून काय करतेस? जा, अभ्यास कर."

आणि ती डोळे पुसत, हसत, खाली गेली.